फोटो आटला म्हणणारे काका : फ्रेमच्या दुकानातलं एक प्रकरण

फ्रेमच्या दुकानांत काउंटर सांभाळणाऱ्यांना मी शिकवते. त्यात पट्ट्या, काचा, मापं हे सगळं येतं, पण सगळ्यात अवघड जातं ते समोरचा माणूस काय बोलतोय ते नीट ऐकणं. ते शिकवताना मी नेहमी हे प्रकरण घेते. एकाच ऑर्डरमध्ये एकामागून एक गैरसमज होत गेले, दुकानातले सगळे हसून हसून दमले, आणि तरीही काकांचं एकही म्हणणं निराधार नव्हतं. मधला भाग माझ्यासमोर घडला. बाकीचं दुकानमालक, काउंटरवरची मुलगी आणि खुद्द काका यांच्याकडून कळलं. काकांनी लिहायला आनंदानं परवानगी दिली आहे.

दोन फोन, दोन मापं

काकांच्या घरी भल्यामोठ्या कुटुंबाचा एक रंगीत फोटो वर्षानुवर्षं एकाच भिंतीवर होता. एके दिवशी मागची दोरी तुटली आणि फ्रेम खाली आली. काच फुटली, पट्टीचे कोपरे सुटले, फोटो तेवढा वाचला. घरच्यांनी काचा आणि मोडकी पट्टी लगेच टाकून दिली. इथेच पुढच्या सगळ्या घोळाची सोय झाली, कारण ज्यावरून माप घ्यायचं ती वस्तूच उरली नाही.

भिंतीवर मात्र फ्रेमच्या जागी एक उजळ चौकोन उरला होता. आजूबाजूचा रंग उजेडानं आणि धुळीनं मळलेला, फ्रेमच्या मागची जागा जशीच्या तशी. काकांना तो चौकोन बघवेना. त्यांनी टेप लावून तो मोजला, दुकानात फोन केला आणि सांगितलं, "१४ बाय १८ची फ्रेम करून ठेवा. फोटो आणतो आणि बसवूनच नेतो."

दुसऱ्या दिवशी काकांच्या मुलीचा फोन आला. "बाबांनी काहीतरी भलतंच माप सांगितलंय. मी फोटो मोजलाय. साडेअकरा बाय साडेपंधरा आहे." काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "ताई, मग नक्की कोणतं धरू?" ताईंनी बाबांना विचारलं. बाबांनी पुन्हा टेप लावला, पुन्हा १४ बाय १८ आलं. ताईंनी हार मानली, "बाबांचंच धरा. त्यांनी दोनदा मोजलंय."

दुकानानं १४ बाय १८ हे फोटोचं माप समजून सव्वा इंची पट्टी कापली, कोपरे जोडले आणि फ्रेम तयार ठेवली.

फोटो आरपार

काका फोटो घेऊन आले तेव्हा मी दुकानात होते. मालकांनी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली आणि मागच्या खाचेत फोटो टेकवायला गेले. फोटो खाचेवर टेकलाच नाही. सरळ आत गेला आणि टेबलावर पडला. त्यांनी उचलून पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. चारही बाजूंना बोट जाईल एवढी फट.

काका फोटोकडे बघत राहिले. मग अगदी गंभीरपणे म्हणाले, "आटला."

"काय आटलं, काका?"

"फोटो. इतकी वर्षं काचेखाली दाबून होता. बाहेर काढल्यावर मोकळी हवा लागली. आटला."

मागे काच कापणारा मुलगा हसू आवरायला कारखान्याच्या बाजूला निघून गेला. पण मालकांनी काकांना खुळ्यात काढलं नाही आणि मला ते फार आवडलं. कारण कागद आटतो, फुगतो हे खरंच आहे. हवेतला ओलावा शोषला की तो वाढतो, कोरडा झाला की आक्रसतो, आणि तंतूंच्या आडव्या दिशेनं जास्तच. म्हणून तर जाणता फ्रेमवाला चित्र चारही बाजूंनी चिकटवत नाही. वरच्या कडेला दोन छोट्या पट्ट्यांवर ते टांगतो आणि बाकीच्या कडा हलायला मोकळ्या ठेवतो. चारही बाजूंनी जखडलेल्या कागदाला पावसाळ्यात लाटा येतात. मात्र ही हालचाल फार थोडी असते, दोन इंचांची नसते. त्यातून अलीकडच्या रंगीत फोटोंच्या कागदाला दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो साध्या कागदापेक्षाही कमी हलतो. मालकांनी एवढं सगळं सांगितलं आणि मग टेप काढला.

फोटो निघाला १२ बाय १६.

आता टेबलावर तीन मापं झाली. काकांचं १४ बाय १८, ताईंचं साडेअकरा बाय साडेपंधरा आणि दुकानाचं १२ बाय १६. फोटो एक आणि मोजणारे तिघं. काका म्हणाले, "दोघांचं तरी चुकलंय." तिघांचंही बरोबर होतं.

तीन मापं आली कुठून

पट्टीला आतल्या बाजूनं एक खाच असते. काच, फोटो आणि मागचा बोर्ड त्या खाचेत बसतात. खाचेचा ओठ फोटोच्या कडेवर येतो, साधारण पाव इंच म्हणजे दोन सूत. त्यामुळे १२ बाय १६चा फोटो फ्रेममध्ये गेला की समोरून दिसतो तो साडेअकरा बाय साडेपंधरा. त्या दिसणाऱ्या भागाभोवती सव्वा इंची पट्टी धरली की बाहेरून बाहेर माप होतं १४ बाय १८. भिंतीवर डाग पडला तो या बाहेरच्या मापाचा.

मग ताईंना फोटो हातात असताना दिसणारं माप कसं मिळालं? त्यांनी तर सुटा फोटो मोजला होता, आणि सुटा फोटो १२ बाय १६च भरायला हवा होता. मालकांनी ताईंना फोन लावून विचारलं. त्या म्हणाल्या, "मी किनार सोडून मोजला. फोटोला भोवती गडद रंगाची किनार छापलेली आहे ना, ती धरली नाही."

आम्ही फोटो खिडकीजवळ नेला. खरंच भोवती पाव इंचाची गडद किनार होती. काकाही म्हणाले, "हो, हो, ती किनार दिसली पाहिजे हं. मूळचीच आहे. आधीच्या फ्रेमवाल्यानं झाकून टाकली होती."

ती किनार कुणी छापलेली नव्हती. एका कडेला उभ्या असलेल्या बाईंच्या बाहीवरून ते कळलं. बाहीचा बहुतेक भाग राखाडी झाला होता. अगदी कडेला मात्र, सुताच्या रेघेसारखी सरळ सीमा ओलांडली की, तीच बाही गडद निळी होती. घडी तीच, शिवण तीच, एका बाजूला राख आणि दुसऱ्या बाजूला निळा. मालकांनी काकांच्या हातात भिंग दिलं. काका बराच वेळ बघत होते.

फोटोचे रंग उजेडानं उडतात. खाचेच्या ओठाखाली उजेड पोचला नव्हता, म्हणून तेवढी पट्टी मूळ रंगात राहिली. आपण ज्याला किनार समजत होतो तोच खरा फोटो होता आणि आतला सगळा भाग उडालेला होता. गंमत अशी की काकांनी मोजला तो फ्रेमनं भिंतीवर उजेड अडवून ठेवलेला भाग आणि ताईंनी मोजला तो फ्रेमनं फोटोवर उजेड येऊ दिलेला भाग. बाप-लेकीनं मोजली सावलीच, फक्त एकीनं आतून आणि दुसऱ्यानं बाहेरून.

रंग परत येतील का

काकांचा पुढचा प्रश्न ओघानंच आला. काउंटरवर अतिनील किरण अडवणाऱ्या काचेचा फलक होता. तो वाचून ते म्हणाले, "मग ही काच लावू या. हिच्यानं रंग परत येतील ना?"

या प्रश्नाला हसणारे काउंटरवाले मी पुष्कळ पाहिलेत. हसू नये. जाहिरातीत 'रंगांचं रक्षण' असं लिहिलेलं असतं आणि ज्याचे रंग आधीच गेलेत त्याला ते औषधासारखं वाटणारच. चांगल्या प्रतीची अशी काच अतिनील किरणांपैकी ९९ टक्क्यांपर्यंत अडवते, पण दिसणारा उजेड आत येतोच आणि तोही रंग उडवतो. गेलेला रंग कोणतीच काच परत आणत नाही. हे सगळं काकांना साध्या शब्दांत सांगितलं गेलं. ते थोडे खट्टू झाले.

तेव्हा मालकांनी दुसरा मार्ग सुचवला. फोटो स्कॅन करायचा, कडेची जी पट्टी मूळ रंगात आहे ती नमुना म्हणून धरायची आणि संगणकावर आतले रंग तिच्याशी जुळवत आणायचे. भिंतीवर लावायची ती या दुरुस्त प्रतीची छपाई, आणि मूळ फोटो आम्लमुक्त कागदात, अंधारात, सपाट ठेवून द्यायचा. उजेडानं उडणाऱ्या वस्तूसाठी याहून चांगला उपाय मला माहीत नाही. काकांना 'नक्कल' भिंतीवर लावायची कल्पना सुरुवातीला पटत नव्हती. ती पटली बाहीमुळे. "निळी होती," ते म्हणाले. "मला आठवतंय, निळीच होती."

प्रत छापायची ठरली आणि काकांना पहिला मुद्दा पुन्हा आठवला. "छापायचीच आहे तर १४ बाय १८चीच छापा की! केलेली फ्रेम वाया जायला नको. दोन्हीकडून दोन-दोन इंच वाढवले की झालं."

हा गैरसमज इतका सर्रास आढळतो की मी त्यासाठी वेगळा वेळ ठेवते. १२ला १६ हे प्रमाण तीनास चार असं आहे. रुंदी १२ची १४ केली तर उंची १८ होत नाही, १८ इंच आणि वर पाऊण इंचाला जरा कमी अशी होते. म्हणजे १८वर बसवायचं तर तेवढं कापावं लागणार. मालकांनी फोटोवर दोन कागदाच्या पट्ट्या ठेवून दाखवलं. खालून कापलं तर पुढे मांडी घालून बसलेल्या पोरांचे गुडघे जातात, वरून कापलं तर मागच्या रांगेतल्या सगळ्यात उंच माणसाच्या डोक्याला पट्टी लागते. काका त्या उंच माणसाकडे बोट दाखवून म्हणाले, "याला कापलेलं चालणार नाही. हा मी आहे."

असाच घोटाळा कागदांच्या मापांतही होतो. ए३ आकाराचं चित्र आणून लोक १२ बाय १८ची तयार फ्रेम मागतात. ए३ म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटर, साधारण पावणेबारा बाय साडेसोळा इंच. फ्रेममध्ये ते सैल पडतं आणि दोष फ्रेमवर येतो.

कापलेल्या फ्रेमचं काय

उत्तर माउंटमध्ये, म्हणजे फोटोभोवती येणाऱ्या, मधे खिडकी कापलेल्या जाड बोर्डात होतं. प्रत १२ बाय १६चीच छापायची. १४ बाय १८चा माउंट बोर्ड घ्यायचा आणि त्यात पावणेबारा बाय पावणेसोळाची खिडकी कापायची, म्हणजे प्रतीची कड चहूबाजूंनी एक सूत झाकली जाईल. हा माउंट केलेल्या फ्रेमच्या खाचेत नेमका बसतो. खाचेचा ओठ दोन सूत झाकतो आणि समोरून माउंट दिसतो सात सूत.

मला विचाराल तर माउंट याच्या दुप्पट रुंद हवा होता. पट्टी आणि माउंट जवळपास सारख्या रुंदीचे असले की डोळ्याला नुसते पट्टे दिसतात आणि चित्र आखडून जातं. पण पट्टी कापून झाली होती आणि काकांना फ्रेम वाया जायला नको होती, त्यामुळे तडजोड योग्यच होती. माउंटचा आणखी एक फायदा मालकांनी सांगितला आणि तो दिसण्यापेक्षा मोठा आहे. माउंटमुळे काच आणि फोटो यांच्यात थोडं अंतर राहतं. काचेला थेट टेकलेला फोटो दमट हवेत काचेला चिकटतो आणि मग सोडवताना वरचा थरच निघून येतो. काकांचा फोटो इतकी वर्षं काचेला टेकून होता आणि तरी सुटा निघाला, हे त्यांचं नशीब.

फ्रेमचं बाहेरचं माप आता १६ बाय २० होणार होतं. काकांनी भिंतीवरच्या डागाची काळजी पुन्हा बोलून दाखवली. डाग पूर्ण झाकून फ्रेम चारही बाजूंना एक-एक इंच बाहेर येणार हे कळल्यावर त्यांनी स्वतः कागदावर बेरीज करून पाहिली आणि मान हलवली.

न दिसणारी काच

काच ठरवायच्या दिवशी ताई बरोबर होत्या. त्यांच्या भिंतीसमोर खिडकी आहे, त्यामुळे जुन्या फ्रेममध्ये माणसांपेक्षा खिडकीच जास्त दिसायची. दुकानात नमुन्याची एक फ्रेम असते. अर्ध्या भागावर साधी काच आणि अर्ध्या भागावर विशेष लेप दिलेली. साध्या काचेवरून तिच्यावर पडणाऱ्या उजेडापैकी सुमारे ८ टक्के परत फिरतो, दोन पृष्ठभागांवरून चार-चार. लेपाच्या काचेवरून एक टक्काही फिरत नाही. दुसरी एक खरखरीत केलेली काच असते, तीही चकाकी कमी करते, पण ती उजेड पसरवते आणि मागचं चित्र थोडं धूसर होतं. माउंटमुळे चित्र काचेपासून लांब गेलं की आणखीच. ताईंनी लेपाचीच पसंत केली.

काका शेजारी उभे होते. नमुना बघून त्यांना वाटलं, अर्ध्या भागावर काच आहे आणि अर्धा भाग तुलनेसाठी उघडा ठेवलाय. त्यांनी विचारलं, "अशी ठेवली तर धूळ नाही का बसणार?" काउंटरवरची मुलगी म्हणाली, "नाही काका, मागून आपण पूर्ण बंद करतो." काकांचं समाधान झालं, मुलीचंही झालं, आणि दोघंही दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

फ्रेम तयार झाली. देताना मुलीनं शिकवल्याप्रमाणे सांगितलं, "काका, पुढून बोटं लावू नका, डाग दिसतात."

दोन दिवसांनी काका दुकानात हजर. फ्रेम चादरीत गुंडाळलेली, दोन्ही हातांनी आडवी धरलेली. टेबलावर ठेवून चादर अलगद बाजूला केली आणि हळू आवाजात म्हणाले, "रागावून नाही आलो. गडबडीत होतं असं. पण काच बसवायची राहिलीय."

"काका, काच आहे."

"नाहीये. नीट बघा."

"हात लावून बघा ना."

"हात कसा लावू? तुम्हीच सांगितलंत, लावायचा नाही. आणि उघड्या फोटोला मी हात लावणारही नाही."

हा पेच मला फार गोड वाटतो. काचेची खात्री पटायला हात लावायला हवा, आणि काच नाही अशी खात्री असल्यामुळे काका हात लावायला तयार नाहीत. दोन दिवस त्यांनी घरात पंखा लावू दिला नव्हता, धूळ बसेल म्हणून.

मालकांनी फ्रेम उचलून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. लेपाच्या काचेत उजेडाचं प्रतिबिंब पांढरं दिसत नाही, फिकट हिरवट-जांभळट दिसतं. नळीची ती रंगीत रेघ फोटोवरून सरकत गेली तेव्हा काकांनी आधी वाकून बघितलं, मग चष्मा काढून बघितलं आणि शेवटी खात्रीसाठी मालकांच्या परवानगीनं कोपऱ्यात एक बोट टेकवलं. ठसा उमटला. मुलीनं तो मऊ कापडानं पुसला. काका त्या जागेकडे बघत म्हणाले, "आता नेमकी ही जागा सोडून सगळीकडे काच नाही असं वाटतंय."

दुकानात काय बदललं

फोनवर ऑर्डर घ्यायला माझा विरोध नाही, पण चित्र हातात आल्याशिवाय पट्टी कापायची नाही हा नियम त्या दुकानानं त्याच आठवड्यात केला. गिऱ्हाइकाला माप काढायला सांगणंच मुळात अन्यायाचं आहे. त्याला खाच माहीत नसते आणि माहीत असायचं कारणही नाही. विचारायची जबाबदारी ज्याला माहीत आहे त्याची. मोठं कॅनव्हास दूर असेल किंवा आणण्यासारखं नसेल तर ऑर्डरच्या पावतीवर आता एकात एक तीन चौकोन छापलेले आहेत. सगळ्यात बाहेरचा फ्रेमचा, मधला कागदाचा, आतला दिसणाऱ्या भागाचा. फोनवर विचारायचं ते असं : "काका, टेप कशाच्या कडेला लावला होता?" आणि लिहायची ती रुंदी आधी की उंची, तेही पावतीवर बाण काढून दाखवलेलं आहे, कारण फोटोवाले एक रीत पाळतात आणि चित्रकार बहुधा दुसरी.

काचेच्या नमुन्यावर दोन्ही अर्ध्या भागांवर एक-एक छोटा गोल कागद चिकटवला आहे, बाहेरच्या बाजूनं. कागद हवेत तरंगल्यासारखा दिसतो आणि त्यामागे काच आहे हे न सांगता कळतं. ही युक्ती काउंटरवरच्या मुलीची. फ्रेम देताना ती आता गिऱ्हाइकाला स्वतःहून काचेवर एक बोट टेकवायला लावते आणि मग पुसून देते.

स्कॅनचं काम अजून थोडं बाकी आहे. मागच्या रांगेतल्या दोघांच्या कपड्यांचे रंग कडेच्या पट्टीत सापडत नाहीत, कारण ते मधोमध उभे आहेत. काका आठवून सांगतात आणि त्यांच्या थोरल्या बहिणीला ते रंग वेगळेच आठवतात. दोघांचं एकमत झालं की मालक दुसरी प्रत छापून त्याच फ्रेममध्ये बदलून देणार आहेत.